उरलेला अर्धा चढ

चिरेखाणीच्या बाळशेठने हवाअण्णांना फसवलं. तडकलेली, वेल्डिंग मारलेली रिंग ‘नवी आहे’ म्हणून त्यांच्यापुढे ठेवली आणि तिच्यात हवा भरताना अण्णा मेले. ती रिंग बाळशेठला मी दिली होती. हे सुरुवातीलाच लिहून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत वाचून कोणी मला ‘तू रे कुठे होतास?’ असं विचारायला नको.

आता अण्णांबद्दल.

अण्णा पंक्चर ओठाने शोधत. ट्यूबमध्ये हवा भरली की ती छातीशी धरून हळूहळू फिरवायची आणि खालचा ओठ तिच्यापासून बोटभर अंतरावर ठेवायचा. जिथून वारा येई तिथे ते थांबत, थुंकी लावत आणि खडूची फुली मारत. ट्यूब बुडवायला पाण्याचं घमेलं त्यांना लागत नसे. शेतात किंवा खाणीत पाणी आणायला माणूस धाडायचा, तो विडी ओढून परत येणार, तेवढ्यात अण्णांचा पॅच लागलेला असे. डावा कान त्यांना नव्हता. म्हणजे कान होता, ऐकू येत नव्हतं. तरुणपणी सावर्ड्याच्या एका गॅरेजात शिकत असताना ट्रॉलीच्या चाकाची रिंग उडाली. उस्तादांची चार बोटं गेली आणि अण्णांचा कान. “कान लबाड असतो,” ते म्हणत, “बाजूने ट्रक गेला तरी त्याला हवा सुटल्यासारखं वाटतं. ओठ खोटं बोलत नाय.”

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. ट्रॉलीच्या चाकाला टायर जागेवर धरून ठेवणारी एक लोखंडी रिंग असते. ती खाचेत नीट बसली असेल तर तिच्यावर मण मण वजन टाका, काही होत नाही. नीट बसली नसेल किंवा तिला तडा गेला असेल, तर आतल्या हवेने ती तोफेसारखी उडते. म्हणून अण्णांचे नियम होते. हवा भरण्याआधी चाकाला साखळीचे दोन वेढे. रिंगसमोर कोणी उभं राहायचं नाही. आणि तडकलेली रिंग हाती आली की मालकाला न विचारता छिन्नी काढून तिच्यावर तीन घाव घालायचे. तीन घाव पडले की रिंग मेली. आमच्या भागातला एकही ड्रायव्हर तशी रिंग गाडीला लावत नसे. मालक बोंबलत, “अण्णा, अजून वर्षभर चालली असती!” अण्णा म्हणत, “ती चालली असती, तू नसतास चालला.”

त्यांचा कॉम्प्रेसर त्यांनीच जोडून घेतलेला होता. लहानसं पेट्रोलचं इंजिन, खाली दुधाच्या किटलीएवढी टाकी आणि हे सगळं एका फळीवर ठोकलेलं. फळीला जुन्या ट्यूबचे पट्टे. मोपेड जाईल तिथवर मोपेड, पुढे पाठीवर कॉम्प्रेसर आणि खांद्याला हत्यारांची पिशवी. तिच्यात टायर उचकटायच्या दोन टॉमी, घण, कानस, पॅच, सोल्युशनचा डबा, साखळी. चिखलणीच्या दिवसांत बांधावरून आणि उन्हाळ्यात कातळावरून हा माणूस असा चालत यायचा, की लांबून पाहणाऱ्याला वाटावं एखादं कासव दोन पायांवर उभं राहिलंय. ट्रॅक्टर रुतून बसलेल्या माणसाला मात्र तो देव वाटे. देवाने तोंड उघडेपर्यंत.

कारण अण्णांचं तोंड घाण होतं. मी त्यांना ओळखत होतो त्या अठरा-वीस वर्षांत त्यांच्या तोंडून कोणाबद्दल बरा शब्द ऐकला नाही. आणि त्यांचा सगळ्यात मोठा नियम अजून सांगायचाच आहे. खिळा लागला, दगड लागला, म्हणजे चूक कोणाची नाही. मग अण्णा कॉम्प्रेसर स्वतः आणत आणि स्वतः परत नेत. पण टायर तुमच्या चुकीने गेला असेल, हवा कमी असताना चालवला असेल, माल जास्त भरला असेल, तर काम झाल्यावर कॉम्प्रेसर तुम्ही डोक्यावर घ्यायचा आणि मोपेडपर्यंत पोचवायचा. सगळ्यांसमोरून. वाटेत कोणी काही विचारायची गरज नसे. कॉम्प्रेसर कोणाच्या डोक्यावर आहे हे बघितलं की चूक कोणाची ते गावाला कळे.

माझी त्यांची ओळख अशीच झाली. मी तेव्हा दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होतो. घरचं काही नव्हतं, पाठीशी कोणी नव्हतं, फेऱ्या जास्त मारल्या की मालक खूश होई एवढंच समजत होतं. ट्रॉलीचं मागचं चाक सकाळपासून बसलेलं दिसत होतं. मी तसेच चिरे भरले. तिसऱ्या फेरीला चाक जमिनीला टेकलं. अण्णा आले, टायर काढला, आत हात घातला आणि मूठभर काळा भुगा काढून माझ्या हातावर ठेवला. ट्यूबचं पीठ झालं होतं.

“हे काय रे?”

“रबर.”

“रबर नाय मेल्या, तुझी अक्कल. धर. घरी ने. आयशीला दाखव.”

भोवती आठ-दहा ड्रायव्हर आणि चिरे काढणारे उभे होते. सगळे हसले. काम झाल्यावर अण्णांनी कॉम्प्रेसरकडे बोट दाखवलं. खाणीतून रस्त्यापर्यंतचा चढ तुम्ही पाहिला नसेल. लाल मुरूम, पाय घसरतो, सावलीला एक आसाण्याचं झाड, तेही अर्ध्यावर. टाकी तापलेली होती. मी डोक्यावर चुंबळ ठेवली तरी मानेला चटका बसत होता. थांबलो की अण्णा मागून टॉमीचं टोक माझ्या पोटरीला लावत. जोरात नाही, बैलाला लावतात तेवढंच. खालून एक जण ओरडला, “वरात निघाली रे!” मला रडू येत होतं आणि मारामारी करावीशी वाटत होती. वर पोचल्यावर वाटलं, म्हातारा आता तरी काही बरं बोलेल. त्यांनी कॉम्प्रेसर मोपेडला बांधला, किक मारली आणि म्हणाले, “उद्यापासून सकाळी उठलास की बायकोच्या आधी चाकाकडे बघ.”

“माझं लग्न नाय झालं.”

“तुला देणार पण नाय कोण.”

त्या दिवसापासून आजपर्यंत मी चाक न बघता गाडी सुरू केलेली नाही. माझं लग्नही झालं, हातखंब्याला जुन्या टायरांचं आणि भंगाराचं दुकानही झालं. दोन्हीचं श्रेय मी त्यांना देत नाही. दुकान मी माझ्या जिभेवर उभं केलं. घासाघीस करताना माझ्यासमोर अजून कोणी टिकलेला नाही. पण माल हातात घेऊन बघायची, अंगठ्याने चाचपायची सवय अण्णांची. ते घाव घातलेल्या रिंगा माझ्याकडेच आणून टाकत. दर वेळी एकच वाक्य: “ही वितळायलाच जाऊ दे. गाडीवर दिसली तर तुझ्या गळ्यात घालीन.” मी म्हणे, “होय अण्णा.” आणि वर्षानुवर्षं मी शब्द पाळलाही.

कॉम्प्रेसर डोक्यावर घ्यायच्या नियमातून कोणी सुटत नसे. एका शाळेच्या मास्तरांनी हौसेने ट्रॅक्टर घेतला होता. त्यांनी भाताच्या पोत्यांची ट्रॉली अशी भरली की चाकाचा टायर फुग्यासारखा फुटला. मास्तर पांढऱ्या लेंग्यात आणि शेजारी सासरची मंडळी. अण्णांनी बोट दाखवलं. मास्तर हळूच म्हणाले, “अण्णा, पाहुणे आहेत हो.” अण्णा म्हणाले, “मग त्यांना हात लावायला सांगा, जावई एकटा दमेल.” मास्तरांनी उचलला. का नाही उचलणार? जो नकार देई त्याच्याकडे अण्णा पुन्हा जात नसत, आणि जूनमध्ये मळ्यात ट्रॅक्टर रुतला की दुसरा कोण येणार होता तिथे?

फक्त एक जण सुटला. बाळशेठ. त्याची ट्रॉली दुप्पट मालाने बसली होती आणि माल भरायला त्यानेच लावलं होतं, सगळ्यांनी ऐकलं होतं. काम झाल्यावर अण्णांनी बोट दाखवलं. बाळशेठने हसत त्याच्या ड्रायव्हरला, सुभाषला, खूण केली. सुभाषने बिचाऱ्याने कॉम्प्रेसर डोक्यावर घेतलाही. अण्णा पुढे झाले, त्याच्या डोक्यावरून तो उतरवला आणि स्वतःच्या पाठीला बांधला.

“चूक मालकाची आणि डोकं ड्रायव्हरचं? चालायचं नाय.”

“अहो अण्णा, माणूस पोचवतोय ना? तुम्हाला काय कॉम्प्रेसर पोचण्याशी मतलब.”

“बाळशेठ,” अण्णा म्हणाले, “तुझा एक चढ राहिला.”

बाळशेठ मोठ्याने हसला. पुढे कधीही अण्णा खाणीवर गेले की जाताना म्हणत, “चढ राहिलाय हां.” बाळशेठचं हसू दर वेळी थोडं कमी होई. मला यात मजा वाटायची. आता लिहिताना मला कळतं, की त्या माणसाच्या मनात काय साठत होतं ते मला तेव्हाही दिसत होतं.

घरीही अण्णा असेच. कॉम्प्रेसरचे पट्टे त्यांची बायको, आमच्या काकी, दाभणाने शिवून देत. एकदा मी बसलो असताना टाका सुटला म्हणून अण्णा ओरडले, “रिंग नि बायको, एकदा तडकली की जोडून उपयोग नाय.” काकींनी दाभण खाली ठेवला. “मग घाला तीन घाव नि द्या ह्याच्या भंगारात. सुटेन तरी मी.” अण्णा माझ्याकडे बघून म्हणाले, “घेशील काय रे?” काकी म्हणाल्या, “तो घासाघीस करील. तुम्हाला परवडायचं नाय.” तिघेही हसलो. अण्णांना हसताना मी पाहिलं ते त्या घरातच. पण काकी एक गोष्ट अभिमानाने सांगत: “तोंड फाटकं असेल, पण घाई नाय केली कधी. जेवायला बसले तरी आधी पाट हलतोय काय ते बघतील.”

मग तो मे महिना आला. पावसाच्या आधी खाणी चिरे बाहेर काढायच्या घाईत असतात. एकदा खाणीत पाणी भरलं की चार-पाच महिने काही नाही. बाळशेठची रिंग तडकली. अण्णांनी त्याच्याच समोर तीन घाव घातले आणि ती माझ्याकडे आणून टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी बाळशेठ दुकानात हजर. त्या मापाची रिंग कोल्हापूरहून यायला दोन दिवस लागणार होते.

“ती कालची रिंग दे रे.”

“मेलेली आहे ती.”

“मला गाडीला नको. बंगल्याच्या गेटावर सूर्य करायचाय. मधे रिंग नि बाजूने सळ्या, किरण.”

आमच्याकडे प्रत्येक तिसऱ्या गेटावर असला सूर्य असतो, त्यामुळे बोलणं खोटं वाटावं असं नव्हतं. मी म्हटलं, शब्द दिलाय, नाही देत. तो म्हणाला, तुझ्या दुकानाला पायरी नाही, बायामाणसं उडी मारून येतात, चार चिरे टाकून देतो. मी म्हटलं, चार काय, दहा टाक. तो म्हणाला, घे दहा. मी म्हटलं, अर्धी ट्रॉली. तो म्हणाला, “बरं, अर्धी.”

तिथेच मी थांबायला हवं होतं. आयुष्यभर मी एवढंच शिकलोय, की समोरचा पटकन ‘बरं’ म्हणाला तर त्याला वस्तूची गरज त्याने सांगितली त्यापेक्षा फार मोठी आहे. गेटाच्या सूर्यासाठी मे महिन्यात कोणी अर्धी ट्रॉली चिरे देत नाही. मला कळायला हवं होतं असं लिहिणार होतो. मला कळलं होतं. मी रिंग दिली.

पुढचं मला सुभाषने सांगितलं. बाळशेठने तड्यावर वेल्डिंग मारलं, घाव ग्राइंडरने घासले, वर काळा रंग दिला. अण्णा रिंग हातात घेऊन बघतील म्हणून टायर आधीच सुभाषकडून चाकाच्या डिस्कवर चढवून घेतला. त्याच दुपारी अण्णा कॉम्प्रेसर पाठीवर घेऊन खाणीत उतरले. चढवलेला टायर बघून म्हणाले, “मला न विचारता कोणी चढवला? घाई झाली काय तुम्हाला मरायची?” मग विचारलं, “रिंग कुठली?”

“नवी, अण्णा,” बाळशेठ म्हणाला. “रातोरात माणूस धाडून आणली.”

अण्णांनी दिसत होती तेवढ्या कडेवरून अंगठा फिरवला. नजर अधू झाली होती, पण अंगठा शाबूत होता. ग्राइंडरने कड गुळगुळीत केलेली. सुभाष म्हणतो, ते क्षणभर थांबले, पुन्हा बाळशेठकडे बघितलं आणि विचारलं, “नवी ना?”

“नवी.”

साखळीचे दोन वेढे घातले. बाजूला उभे राहून हवा भरली. इंजिन बंद केलं. मग व्हॉल्व्हला थुंकी लावली आणि हवा सुटतेय का बघायला वाकून ओठ जवळ नेला. त्याच वेळी जोड सुटला. रिंग साखळीने धरली. जोडाजवळचा वीतभर तुकडा साखळीने धरला नाही.

मी पोचलो तेव्हा त्यांच्या तोंडावर कोणीतरी सिमेंटचं रिकामं पोतं टाकलं होतं. त्याबद्दल याहून जास्त लिहीत नाही. तुकडा लाल मातीत पडला होता. मी उचलला. एका अंगाला वेल्डिंगचा थर होता, आणि काळ्या रंगाखाली छिन्नीचा एक घाव अर्धा शिल्लक होता. मी तो खिशात टाकला. पोलीस आले, पंचनामा झाला. बाळशेठ सांगत होता, “म्हाताऱ्याने तोंड जवळ नेलं साहेब. दिसत नव्हतं त्यांना. घाई केली.” साहेबांनी विचारलं, अजून कोणाला काही सांगायचंय? सुभाष मालकाकडे बघत होता. मी साखळीकडे बघत होतो. खिशातल्या तुकड्याची धार मांडीला टोचत होती. मी काही बोललो नाही. बोललो असतो तर रिंग कुठून आली हे आधी सांगावं लागलं असतं.

बाळशेठने हातखंब्याच्या नाक्यावर श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावला. अण्णांचा फोटो वरच्या कोपऱ्यात, बाळशेठचा खाली, दुप्पट मोठा, हात जोडलेला. आणि तेराव्याला काकी लोकांसमोर म्हणाल्या, “जन्मभर दुसऱ्यांच्या घाईला शिव्या घातल्या, नि स्वतः घाईत मेला. कशाला लावायचा फोटो?” फोटो भिंतीवर लागला नाही. बाळशेठ समोर जेवत होता. त्याने मान हलवली, वाईट वाटल्यासारखी. मीही समोरच जेवत होतो.

पावसाळाभर मी त्या चिऱ्यांच्या पायरीवरून दुकानात चढलो. कोणी बाळशेठचं नाव काढलं की माझं डोकं फिरे. गिऱ्हाइकावर ओरडे, घरी ताट सरकवून उठे. खाणीवरचे नवे ड्रायव्हर दुकानात येत आणि सांगत, की शेठ बजावतो, “हवाअण्णासारखी घाई करू नका.” तो असं म्हणतो. अजून म्हणतो.

दसऱ्यानंतर खाणीतलं पाणी उपसलं आणि तळाला कॉम्प्रेसर दिसला. जागचा हललेला नव्हता. त्या दिवशी तो वर नेलाच नव्हता कोणी. इंजिनाला गंज, पट्टे कुजलेले. येणारे-जाणारे ड्रायव्हर त्याला वळसा घालून जात होते. हात कोण लावणार? जो डोक्यावर घेईल, चूक त्याची.

त्याच आठवड्यात मी काकींकडे गेलो. खळ्यात भात वाळत घातलं होतं आणि त्या कोंबड्या हाकत बसल्या होत्या. मी तुकडा त्यांच्या हातावर ठेवला आणि सगळं सांगितलं. गेटाचा सूर्य, चिरे, पंचनामा, सगळं. काकींनी तुकड्यावरून अंगठा फिरवला, अण्णा फिरवत तसाच, आणि अर्ध्या घावापाशी थांबल्या.

“पायरी झाली?” त्यांनी विचारलं.

“झाली.”

“हलत नाय ना?”

“नाही.”

त्यांनी भातावर आलेली एक कोंबडी हाकलली. मग म्हणाल्या, “म्हणजे तो चुकला नव्हता.”

“नाही काकी.”

“मग इथं काय बसलास? उचल जा.”

मी दुसऱ्या दिवशी भर दुपारी खाणीत उतरलो, कारण तेव्हाच सगळे ट्रॅक्टर भरायला लागलेले असतात. कॉम्प्रेसर उचलला आणि डोक्यावर घेतला. पहिल्यांदा घेतला तेव्हा मी पंचविशीत होतो. आता गुडघे कुरकुरतात. टाकीतलं गढूळ पाणी मानेवरून पाठीत उतरत होतं. खाली इंजिनं बंद झाली. वरातीचा आवाज कोणी काढला नाही. माझ्या पोटरीला मागून कोणी टॉमी लावत नव्हतं आणि ती लागावी असं मला फार वाटत होतं. आसाण्याच्या झाडापर्यंत गेलो आणि तिथे कॉम्प्रेसर खाली ठेवला. दम लागला म्हणून नाही. माझा भाग तिथवरच होता.

सुभाषने मला एवढंच विचारलं, “आणि वरचा अर्धा?”

बाळशेठ, हे तू वाचशील, किंवा कोणीतरी वाचून दाखवेल. मी मेलेली रिंग विकली, शब्द मोडला, पंचनाम्याला गप्प राहिलो. माझं उत्तर मी काकींना दिलं आणि ड्रायव्हरांनी ते डोळ्यांनी बघितलं. आता तू सांग. त्यांनी तुला रिंगबद्दल दोनदा विचारलं होतं. दोन्ही वेळा तू काय म्हणालास ते काकींच्या खळ्यात उभा राहून सांग. तुकडा त्यांच्याकडेच आहे, त्यावर अंगठा ठेवून सांग. आणि तिथे जाताना रिकामा जाऊ नकोस. कॉम्प्रेसर आसाण्याखाली आहे. तुझा एक चढ तसाही राहिलेला होता. ड्रायव्हरला खूण करू नकोस. तू उचल.